सूर्यमालेतले आठ ग्रह: सूर्याच्या सर्वांत जवळ बुध, मग सर्वांत उष्ण शुक्र का?

सूर्याच्या सर्वांत जवळचा ग्रह कोणता? बुध. मग सर्वांत उष्ण ग्रह कोणता? इथं अनेक जण पुन्हा बुधाचंच नाव घेतात. पण बरोबर उत्तर आहे शुक्र. बुधाच्या जवळपास दुप्पट अंतरावर असूनही शुक्र त्याच्यापेक्षा जास्त तापलेला आहे.

ग्रहांची नावं आणि त्यांचा क्रम आपण शाळेत पाठ करतो. पण एखादा ग्रह उष्ण का, दुसरा थंड का आणि तिसऱ्यावर जीवसृष्टी का, याचं पूर्ण उत्तर या क्रमात मिळत नाही. त्यासाठी ग्रहाचा आकार आणि त्याच्याभोवतीचं वातावरणही पाहावं लागतं.

ग्रह नेमकं कशाला म्हणायचं?

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेनं २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग इथं ग्रहाची व्याख्या ठरवली. तिच्यात तीन अटी आहेत. ग्रहानं सूर्याभोवती फिरलं पाहिजे, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणामुळे त्याला जवळपास गोल आकार आलेला असला पाहिजे आणि त्यानं आपल्या कक्षेच्या आसपासचा परिसर इतर मोठ्या वस्तूंपासून मोकळा केलेला असला पाहिजे. १९३० साली सापडलेला प्लुटो तिसऱ्या अटीत बसला नाही. त्यामुळे तो आता बटुग्रह मानला जातो आणि ग्रहांची संख्या आठ झाली आहे.

मग पंचांगातले नवग्रह कोणते?

नवग्रहांची कल्पना डोळ्यांना दिसणाऱ्या आकाशावर आधारलेली आहे. त्यात सूर्य आणि चंद्र आहेत, पण खगोलशास्त्रानुसार सूर्य हा तारा आहे आणि चंद्र हा पृथ्वीचा उपग्रह. राहू आणि केतू या वस्तू नाहीत. आकाशात चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाला ज्या दोन ठिकाणी छेदतो, ते हे बिंदू. सूर्य-चंद्र या बिंदूंजवळ असतानाच ग्रहणं होतात.

उरलेले पाच म्हणजे मंगळ, बुध, गुरू, शुक्र आणि शनी. हे दुर्बिणीशिवाय दिसतात. आठवड्यातल्या पाच वारांना त्यांचीच नावं आहेत. युरेनस आणि नेपच्यून हे ग्रह असल्याचं दुर्बिणीच्या काळात समजलं, म्हणून ते या यादीत नाहीत.

बुध: जवळ असूनही रात्री गोठलेला

बुध सूर्यापासून सरासरी ५.८ कोटी किलोमीटरवर आहे. ४,८७९ किलोमीटर व्यासाचा हा सर्वांत लहान ग्रह ८८ दिवसांत सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करतो. दिवसा तिथलं तापमान सुमारे ४३० अंश सेल्सिअसपर्यंत जातं आणि रात्री उणे १८० अंशांपर्यंत उतरतं.

एवढा फरक पडतो, कारण बुधाला वातावरण जवळजवळ नाही. दिवसा मिळालेली उष्णता धरून ठेवायला तिथं काहीच नसतं. त्याच्या ध्रुवांजवळ काही खोल विवरांमध्ये सूर्यप्रकाश कधीच पोहोचत नाही. तिथं पाण्याचा बर्फ असल्याचे पुरावे 'मेसेंजर' यानाला मिळाले आहेत.

शुक्र: चांदणी दिसते, पण आहे भट्टी

पहाटे किंवा संध्याकाळी दिसणारी 'शुक्राची चांदणी' म्हणजेच हा ग्रह. सूर्य आणि चंद्रानंतर आकाशात तोच सर्वांत तेजस्वी दिसतो. त्याचा व्यास १२,१०४ किलोमीटर, म्हणजे पृथ्वीपेक्षा किंचित कमी आहे. पण दोघांमधलं साम्य इथंच संपतं.

शुक्राच्या पृष्ठभागावर तापमान सुमारे ४६५ अंश सेल्सिअस असतं. या तापमानाला शिसं वितळतं. तिथला हवेचा दाब पृथ्वीच्या सुमारे ९० पट आहे आणि वर सल्फ्युरिक ॲसिडचे ढग आहेत. १९८२ मध्ये सोव्हिएत संघाचं 'व्हेनेरा १३' यान तिथं उतरलं आणि १२७ मिनिटं काम करत राहिलं.

या उष्णतेचं कारण आहे कार्बन डायऑक्साइड. शुक्राच्या वातावरणात त्याचं प्रमाण सुमारे ९६ टक्के आहे. पृष्ठभागातून बाहेर पडणारी उष्णता हा वायू अडवतो. यालाच हरितगृह परिणाम म्हणतात. शुक्र इतर बहुतेक ग्रहांच्या उलट दिशेनं स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे तिथं सूर्य पश्चिमेला उगवतो.

पृथ्वी: पांघरूण बेताचं

हरितगृह परिणाम पृथ्वीवरही आहे आणि तो आवश्यकही आहे. तो नसता तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास राहिलं असतं. प्रत्यक्षात ते सुमारे १५ अंश आहे. वातावरणाच्या या पांघरुणामुळेच इथलं पाणी द्रवरूपात टिकलं.

पृथ्वीवरही भरपूर कार्बन आहे, पण त्याचा मोठा भाग चुनखडीसारख्या खडकांत बंदिस्त आहे. शुक्रावर तो हवेतच राहिला. दोन सारख्या आकाराच्या ग्रहांचं नशीब वेगळं होण्यामागे हे एक मोठं कारण आहे.

मंगळ: पांघरूण हरवलेला ग्रह

मंगळाच्या हवेतही सुमारे ९५ टक्के कार्बन डायऑक्साइडच आहे. तरी तिथलं सरासरी तापमान उणे ६० अंशांच्या आसपास असतं. मंगळ सूर्यापासून दूर आहे हे खरंच, पण तिथली हवाही फार विरळ आहे. तिचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. वायू तोच असला, तरी तो पुरेसा नाही.

६,७९२ किलोमीटर व्यासाच्या या ग्रहाचं गुरुत्वाकर्षण कमी आहे. त्याचं संपूर्ण ग्रहाला वेढणारं चुंबकीय क्षेत्रही फार पूर्वीच नाहीसं झालं. त्यामुळे त्याचं बरंचसं वातावरण अवकाशात निसटलं. कोरडी नदीपात्रं मात्र तिथं एकेकाळी पाणी वाहत होतं, याची साक्ष देतात. भारताचं 'मंगळयान' २४ सप्टेंबर २०१४ रोजी पहिल्याच प्रयत्नात या ग्रहाच्या कक्षेत पोहोचलं.

गुरू आणि शनी: जिथं उभं राहायला जमीन नाही

मंगळाच्या पलीकडे लघुग्रहांचा पट्टा आहे आणि त्यानंतर सुरू होतात महाग्रह. गुरू आणि शनी प्रामुख्यानं हायड्रोजन आणि हेलियमचे बनलेले आहेत. इतर सात ग्रहांचं वस्तुमान एकत्र केलं, तरी गुरूचं वस्तुमान त्याच्या दुपटीहून अधिक भरतं. एवढा मोठा असूनही तो सुमारे १० तासांत स्वतःभोवती फिरतो.

गुरूला सूर्याभोवती फिरायला सुमारे १२ वर्षं लागतात. तो सिंह राशीत आल्यावर नाशिकला सिंहस्थ कुंभमेळा भरतो, म्हणून तो साधारण १२ वर्षांनी येतो. शनीची फेरी सुमारे साडेएकोणतीस वर्षांची असते. म्हणजे एका राशीत तो साधारण अडीच वर्षं दिसतो आणि तीन राशी ओलांडायला त्याला साडेसात वर्षं लागतात. 'साडेसाती'चा आकडा इथूनच आला आहे.

शनीची कडी मुख्यतः बर्फाच्या तुकड्यांची आहेत. मार्च २०२५ मध्ये १२८ नव्या चंद्रांना मान्यता मिळाल्यावर त्याच्या ज्ञात चंद्रांची संख्या २७४ झाली.

युरेनस आणि नेपच्यून: गणितानं सापडलेला शेजारी

विल्यम हर्शेल यांनी १७८१ मध्ये युरेनस शोधला. त्याचा अक्ष सुमारे ९८ अंशांनी कललेला आहे, त्यामुळे तो आडवा पडून फिरतो असं वाटतं. त्याचं एक वर्ष म्हणजे आपली ८४ वर्षं.

युरेनसची चाल गणिताशी जुळत नव्हती. पलीकडे आणखी एखादा ग्रह असावा, असा हिशेब उर्बें ल व्हेरिए यांनी मांडला. त्यांनी सांगितलेल्या जागेजवळच २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनच्या वेधशाळेत योहान गाले यांना नेपच्यून दिसला. सूर्याचा प्रकाश तिथं पोहोचायला चार तासांहून अधिक वेळ लागतो. या दोन्ही ग्रहांजवळून आजवर 'व्हॉयेजर २' हे एकच यान गेलं आहे.

हे सगळं आपल्यासाठी का महत्त्वाचं?

शुक्र, पृथ्वी आणि मंगळ यांच्याकडे एकत्र पाहिलं की एक गोष्ट स्पष्ट होते. सूर्यापासूनचं अंतर महत्त्वाचं आहेच, पण वातावरणात कोणते वायू किती आहेत, यावरही ग्रहाचं तापमान ठरतं.

औद्योगिक क्रांतीपूर्वी पृथ्वीच्या हवेतल्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० रेणू होते. आता ते ४२० च्या पुढे गेले आहेत. याचा अर्थ पृथ्वीचा शुक्र होणार असा नाही. शुक्रावरच्या वायूचं प्रमाण याच्या कितीतरी पटींनी जास्त आहे. पण एखाद्या वायूचं प्रमाण बदललं की ग्रहाचं तापमान बदलतं, हा नियम तिन्ही ग्रहांना सारखाच लागू आहे. फरक इतकाच, की हे प्रमाण बदलणारी माणसं त्यांपैकी एकाच ग्रहावर राहतात.