शेवटच्या दिवशी ‘सर्व्हर डाऊन’ का होतो? गर्दीच्या वेबसाइटसाठी होस्टिंग निवडताना काय पाहावं

बुलढाणा : “सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.” पीक विमा असो, ई-पीक पाहणी असो की एखाद्या योजनेचा अर्ज, जिल्ह्यातल्या सेवा केंद्रांवर हे वाक्य आता सगळ्यांच्या ओळखीचं झालं आहे. यात गावाकडून आलेल्या माणसाची दिवसाची मजुरी बुडते, येण्याजाण्याचं भाडं जातं. तारीखच निघून गेली तर हंगामाचा विमाही हातचा जातो.

हा प्रश्न आता फक्त सरकारी पोर्टलचा राहिलेला नाही. शेतकरी उत्पादक कंपन्या, पतसंस्था, कॉलेज आणि गावातली वेबसाइट बनवणारी पोरंही ऑनलाइन नोंदणी घेतात. होस्टिंग घेताना बहुतेक जण महिन्याचं भाडं बघतात. बघायला पाहिजे ती सर्वात गर्दीच्या तासाची क्षमता.

काटा एकच, ट्रॅक्टर शंभर

काही वेबसाइटवर सगळ्यांना एकच पान दिसतं. ग्रामपंचायतीची माहिती किंवा एखादी बातमी हजारो लोकांनी उघडली तरी तेच तयार पान पुन्हा पुन्हा दाखवायचं असतं. ते सोपं काम आहे.

सातबारा, निकाल, खात्याची शिल्लक यांचं तसं नाही. इथे प्रत्येकाला वेगळी माहिती लागते आणि ती प्रत्येक वेळी डेटाबेसमधून शोधावी लागते. अर्ज भरणं त्याहून जड. त्यात नुसतं शोधायचं नसतं, नवी नोंद लिहायची असते. दोन नोंदी एकमेकींत मिसळू नयेत म्हणून डेटाबेसला काही वेळा एकाला थांबवून दुसऱ्याचं काम आधी पूर्ण करावं लागतं.

सोयाबीनच्या हंगामात बाजार समितीच्या आवारात हेच दिसतं. गेट रुंद केलं, आवार वाढवलं, तरी वजनकाटा एकच असेल तर रांग हटत नाही. वेबसाइटचा वजनकाटा म्हणजे डेटाबेस.

मायएसक्यूएल या लोकप्रिय डेटाबेसमध्ये मूळ सेटिंगनुसार एका वेळी १५१ जोडण्या चालतात. त्या अडकून पडल्या की पुढच्या माणसाला चूक दाखवली जाते. मशीनमध्ये ८ जीबी मेमरी असली तरी हाच डेटाबेस मूळ सेटिंगमध्ये माहिती हाताशी ठेवायला फक्त १२८ एमबी वापरतो. सेटिंग बदललं नाही तर महागडं मशीन घेऊनही काम रेंगाळतं.

हिशेब गर्दीच्या तासाचा

समजा, एका पोर्टलवर २० हजार शेतकरी आले आणि प्रत्येकाने १० पानं उघडली. एकूण झाली २ लाख पानं. ही दिवसभरात विभागली तर सेकंदाला दोन-अडीच पानं पडतात. तेच २० हजार जण शेवटच्या एका तासात आले, तर सेकंदाला ५५ पानं. एका पानामागे डेटाबेसला २० प्रश्न जात असतील, तर सेकंदाला ११०० प्रश्न. माणसं तेवढीच, ओझं चोवीसपट.

२०२३ च्या खरिपात राज्यात १ रुपयात पीक विमा सुरू झाला आणि दीड कोटीहून जास्त अर्ज आले. शेवटी मुदत ३१ जुलैवरून ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. त्याआधी २८ एप्रिल २०२१ ला दुपारी ४ वाजता कोविन पोर्टलवर १८ वर्षांवरच्या सगळ्यांसाठी लसीकरण नोंदणी उघडली, तेव्हा सुरुवातीला पोर्टल अडखळलं. ते सावरल्यावर त्याच दिवशी सव्वा कोटीहून अधिक लोकांची नोंदणी झाली. ठरलेली वेळ जाहीर केली की गर्दी त्याच वेळेला येते.

होस्टिंगचे चार प्रकार

शेअर्ड होस्टिंग : एका मशीनवर शेकडो वेबसाइट. चाळीत एकच नळ असावा तसं. सगळ्यात स्वस्त. माहितीच्या साध्या वेबसाइटला पुरतं, गर्दीच्या नोंदणीला नाही. जाहिरातीत ‘अनलिमिटेड’ लिहिलेलं असलं तरी एका वेळी किती कामं चालतील यावर मर्यादा असतेच. ती अटींमध्ये लिहिलेली असते.

व्हीपीएस : मशीन वाटून घेतलेलं, पण मेमरी आणि प्रोसेसरचा ठरावीक वाटा आपला. मध्यम पोर्टलला चांगलं. मात्र सांभाळणारा जाणकार माणूस लागतो.

डेडिकेटेड सर्व्हर : पूर्ण मशीन आपलं. वर्षभर सारखी गर्दी असेल तर परवडतं. एका रात्रीत वाढवता मात्र येत नाही.

क्लाउड : लग्नाचा मंडप भाड्याने घेतो तसं. गर्दीच्या दिवसांत मशीन वाढवायची, नंतर कमी करायची. वर्षातून दोन-चार वेळाच झुंबड उडणाऱ्या पोर्टलला हे सोयीचं. पण खर्चाची मर्यादा आणि सूचना आधीच लावून ठेवावी, नाहीतर बिल फुगतं. मशीन वाढली तरी डेटाबेस आपोआप वाढेलच असं नाही. त्याचं नियोजन वेगळं करावं लागतं.

पैसे देण्याआधी हे विचारा

१. सर्व्हर कुठे आहे? मोठ्या क्लाउड कंपन्यांची केंद्रं मुंबईत आहेत. अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत एक फेरी व्हायला सेकंदाचा पाचवा ते चौथा भाग जातो आणि एका पानासाठी अशा अनेक फेऱ्या होतात. गावात नेटवर्क कमी असेल तर हा उशीर आणखी जाणवतो.

२. डेटाबेसला वेगळं मशीन मिळेल का? साठवण एसएसडीवर आहे का?

३. बॅकअप दुसऱ्या शहरात ठेवता का? १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. लाखो वेबसाइट बंद पडल्या आणि ज्यांचा बॅकअप तिथेच होता, त्यांच्यापैकी काहींचा डेटा कायमचा गेला.

४. रात्री १२ वाजता बंद पडलं तर फोन कोण उचलणार?

मोठं मशीन घेण्याआधी

बऱ्याचदा खरं दुखणं मशीनचं नसतं. डेटाबेसला इंडेक्स नसेल, तर एका गट नंबरसाठी तो सगळं रजिस्टर पहिल्या पानापासून चाळत बसतो. इंडेक्स लावला की थेट त्या ओळीवर जातो. वारंवार लागणारी माहिती कॅशमध्ये ठेवली, फोटो आणि फाइली सीडीएनवर टाकल्या, तर डेटाबेसवरचं ओझं बरंच हलकं होतं. गर्दीत सगळ्यांना एकदम आत घेण्यापेक्षा टोकन देऊन रांगेत थांबवणं बरं. त्याने उशीर होतो, पण भरलेला अर्ज अर्ध्यात अडकत नाही.

पोर्टल उघडण्याच्या १५ दिवस आधी खोटी गर्दी सोडून चाचणी घ्यावी. अपेक्षेच्या दुप्पट गर्दी झेलली, तरच तारीख जाहीर करावी.

अर्ज भरणाऱ्यांसाठी

पान अडकलं की वारंवार रिफ्रेश करू नका. प्रत्येक वेळी सर्व्हरकडे नवी मागणी जाते आणि तुमच्यासकट सगळ्यांचीच रांग वाढते. पहाटे किंवा रात्री उशिरा गर्दी कमी असते, तेव्हा प्रयत्न करा. पैसे कापले पण पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका, आधी अर्जाची स्थिती तपासा. अर्ज क्रमांक दिसताच स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि शेवटची तारीख ३१ असेल तर अर्ज २० च्या आत भरून टाका. त्या दिवशी काट्यावर रांग नसते.