अक्षरे मोजणारी माणसे

कवीने संगणकाच्या सुरक्षेवर बोलावे, याचे तुम्हाला नवल वाटेल. पण या विद्येचे मूळ अक्षरांतच आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी नावाचे विद्वान होऊन गेले. प्रत्येक भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित. तेव्हा गुप्त मजकुरातल्या खुणा मोजा, म्हणजे कोणती खूण कोणत्या अक्षराची ते उमगू लागेल, असे त्यांनी लिहून ठेवले. मात्रा मोजणाऱ्याला हे निराळे सांगायला नको.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे गुप्त संदेश उलगडायला इंग्रजांनी ब्लेचली पार्क येथे गणितज्ञ जमवले, तसे भाषांचे विद्यार्थीही जमवले. जानेवारी १९४२ मध्ये 'डेली टेलिग्राफ'ने बारा मिनिटांत शब्दकोडे सोडवण्याची स्पर्धा घेतली. त्यातल्या काहींना पुढे याच कामाचे बोलावणे आले. आधी नजर पारखली, शिकवले नंतर.

आपल्याकडे १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झाली. महासंगणक बांधतानाच तिने पदविका अभ्यासक्रम काढले. पुढे त्यांत माहिती-सुरक्षाही आली. २००० साली माहिती तंत्रज्ञान कायदा झाला. २००४ पासून 'सर्ट-इन' ही केंद्रीय यंत्रणा काम पाहू लागली. तरीही ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले. बनावट कार्डांनी देशोदेशीच्या एटीएममधून पैसे निघत राहिले. नुसते कुलूप पुरत नाही; शिकलेला राखणदारही लागतो, हे तेव्हा कळले.

हे राखणदार यायचे कुठून? सी-डॅकची प्रवेशपरीक्षा इंग्रजीत. बहुतेक अभ्यासक्रमांना अभियांत्रिकीची किंवा संगणकाची पदवी हवी. आमच्या पालम, सोनपेठची मुले तिथवर किती पोचणार? चोर मात्र खेड्यात केव्हाच पोचला आहे. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचे पीकविम्याचे पैसे एका फोनवर गेले. बोलणारा 'काका, काका' म्हणत गोड मराठीत बोलत होता. असा खोटेपणा कधी कधी एखाद्या शब्दावरूनच ओळखू येतो, आणि तो शब्द खटकायला भाषेचा कान लागतो.

म्हणून आपल्या महाविद्यालयांनी कोडी घालावीत, स्पर्धा घ्याव्यात आणि कलाशाखेची मुलेही त्यांत बसवावीत. जी मुले कोड्याला हटून बसतील, त्यांना संगणक मराठीतून शिकवायला सुरुवात करावी. इंग्रजी मागून येईल. न जाणो, गावाच्या पैशाचा राखणदार आज मागच्या बाकावर शब्दकोडे सोडवत बसला असेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)