गोलरक्षक बदलला तेव्हा

निकाल आधीच सांगून टाकतो : डब्लिन 1-15, मायो 1-14. गेलिक फुटबॉलमध्ये चेंडू जाळ्यात गेला की गोल, त्याचे तीन गुण. आडव्या दांडीच्या वरून, दोन उभ्या खांबांमधून गेला की तेव्हा एकच गुण मिळे. म्हणजे 18 विरुद्ध 17. ऑल-आयर्लंड अंतिम सामन्याची फेरलढत मायोनं 1 ऑक्टोबर 2016 रोजी एका गुणानं गमावली.

त्या एका गुणाचा हिशेब आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा हा परगणा अजून मांडतो आहे. 2016 मध्ये लोकसंख्या जेमतेम एक लाख तीस हजार. 1951 मध्ये ऑल-आयर्लंडचा सॅम मॅग्वायर चषक जिंकला, तो शेवटचा. त्यानंतर 1989, 1996, 1997, 2004, 2006, 2012, 2013 असे सात अंतिम सामने हरले. जिंकून परतताना 1951 च्या संघानं वाटेत एका अंत्ययात्रेला मान दिला नाही आणि पाद्र्यानं शाप दिला, अशी दंतकथा तिथे सांगतात. मला या शापाचा राग येतो, कारण माणसांनी केलेल्या निवडी त्याच्याआड लपतात. त्या शनिवारी जे घडलं ते माणसांनी, विचार करून, ठरवून केलं होतं. म्हणूनच ते क्रमानं पाहायला हवं.

एक वर्ष आधी

2015 च्या उपांत्य फेरीत मायो डब्लिनकडून फेरलढतीत हरला. त्या शरद ऋतूत खेळाडूंनी पॅट होम्स आणि नोएल कॉनली या जोडीवर अविश्वास दाखवला आणि दोघांना व्यवस्थापकपद सोडावं लागलं. या खेळात कोणाला पगार नाही. सकाळी शाळेत शिकवणारा, बँकेत बसणारा माणूस संध्याकाळी सरावाला येतो. अशा खेळाडूंनी आपल्याच परगण्यातल्या दोघांना घरी पाठवलं, आणि पाठीराख्यांत उभी फूट पडली. एक बाजू म्हणे, पोरांना जिंकायचंय, त्यांना चांगलं प्रशिक्षण हवं. दुसरी म्हणे, आधी चषक आणा, मग व्यवस्थापक बदला.

त्या जागी स्टीफन रॉचफर्ड आला. क्रॉसमोलिनाचा माणूस, म्हणजे मायोचाच. शेजारच्या गॉलवेतल्या कॉरोफिन क्लबला त्यानं 2015 मध्ये ऑल-आयर्लंड क्लब विजेतेपद मिळवून दिलं होतं. अभ्यासू म्हणून त्याचा लौकिक. सोबत टोनी मॅकएन्टी आणि डोनी बकली यांच्यासारखे जाणते. पण पहिल्याच उन्हाळ्यात गॉलवेनं मायोला हरवलं आणि सलग पाच वर्षं आपल्याकडे राखलेलं कॉनॉट प्रांताचं विजेतेपद गेलं. मागच्या दारानं, क्वालिफायरच्या फेऱ्यांमधून, रडतखडत संघ पुढे सरकला. फर्मानाविरुद्ध जीव मुठीत धरून जिंकला, टिरोनविरुद्ध एका गुणानं. खेळ कुणालाच पटत नव्हता. तरी सप्टेंबर आला तेव्हा मायो अंतिम फेरीत होता.

तेरा दिवस आधी : रविवार, 18 सप्टेंबर

पावसात भिजलेलं डब्लिनमधलं क्रोक पार्क मैदान. पूर्वार्धात डब्लिनला दोन गोल मिळाले आणि दोन्ही मायोच्याच खेळाडूंना लागून जाळ्यात गेले : एक केव्हिन मॅक्लॉक्लिनला, दुसरा कॉल्म बॉयलला. अंतिम सामन्यात एका संघाचे दोन स्वयंगोल! दुसरा कुठलाही संघ तिथेच कोसळला असता. मायो उठला, पाठलाग केला, आणि भरपाईच्या वेळेत किलियन ओ'कॉनरनं बरोबरी साधली. डब्लिन 2-9, मायो 0-15.

पाठीराखे घरी गेले ते हळहळत, पण ताठ मानेनं. डब्लिनच्या आक्रमणाला आपण जखडून ठेवलं होतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आता फक्त पुन्हा तसंच खेळायचं, इतकं साधं गणित त्यांच्या मनात होतं.

मधले दिवस

व्यवस्थापनाचं गणित वेगळं होतं, आणि ते समजून घेतल्याशिवाय पुढचा राग समजत नाही.

गुण झाला किंवा चेंडू बाहेर गेला की गोलरक्षक किकआऊट घेतो. छोट्या प्लास्टिकच्या टीवर चेंडू ठेवायचा, समोर नजर टाकायची, मारायचं. सामन्यात असं अनेकदा होतं, आणि प्रत्येक वेळी चेंडू कोणाला मिळणार हा प्रश्न नव्यानं उभा राहतो. डब्लिनच्या स्टीफन क्लक्स्टननं या किकआऊटचं शास्त्र करून टाकलं : धावणाऱ्या सहकाऱ्याच्या छातीवर चेंडू पोचवायचा. आणि स्वतःकडे असं हत्यार असलेला डब्लिन दुसऱ्याचं हत्यार कसं बोथट करायचं हेही जाणत होता. त्यांचे फॉरवर्ड वर सरकून मायोच्या प्रत्येक बचावपटूला चिकटत. जवळ द्यायला मोकळा माणूस उरत नसे. मग लांब मारणं आलं, आणि लांबचा चेंडू म्हणजे निम्मा नशिबाचा.

मायोचा गोलरक्षक डेव्हिड क्लार्क, बॅलिना स्टीफनाइट्स क्लबचा. गोलपोस्टमध्ये खडकासारखा. उंच चेंडू त्याच्या हाती सुरक्षित, जवळचा फटका अडवण्यात त्या वर्षी देशात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. किकआऊट मात्र त्याची दुबळी बाजू मानली जाई. दुसरा गोलरक्षक रॉब हेनेली, ब्रेफी क्लबचा. त्याची लाथ लांब आणि दमदार. 2013 च्या अंतिम सामन्यात गोलमध्ये तोच होता, म्हणजे नवखा मुळीच नव्हे. रॉचफर्डनं हिशेब केला : डब्लिनचा दाब फोडायचा तर लांब लाथ हवी.

कागदावर हा विचार चूक नाही. चूक पुढे आहे. संपूर्ण ऑगस्ट-सप्टेंबर क्लार्क गोलमध्ये होता. टिरोनविरुद्ध, टिपररीविरुद्ध, आणि पहिल्या अंतिम सामन्यातही. त्याच्यासमोरच्या बचावपटूंना त्याचा आवाज, त्याचं पुढे येणं, त्याचं थांबणं सवयीचं झालं होतं. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या सामन्यात ती सवय मोडायची आणि हेनेलीला थेट 82,000 लोकांसमोर उभं करायचं, हा जुगार होता. हरला तर त्याची किंमत कोण देणार होतं? व्यवस्थापकाआधी तो गोलरक्षक.

शनिवार, सकाळ

वेस्टपोर्ट आणि बॅलिनाहून निघालेल्या रेल्वे, एन-5 रस्त्यावर हिरव्या-लाल झेंड्यांच्या गाड्या. कॅसलबार ते डब्लिन सुमारे अडीचशे किलोमीटर. 

पाचला थोडं कमी असताना

मायोच्या गोलमध्ये हेनेली होता, क्लार्क नव्हता. तिकडे डब्लिनचा व्यवस्थापक जिम गॅव्हिन यानंही बर्नार्ड ब्रोगनसारख्या मोठ्या नावाला बाकावर बसवलं होतं, पण तो बाकावरून येऊन सामना फिरवू शकत होता. बदललेल्या गोलरक्षकाचं तसं नसतं. त्याला पुन्हा बदलायची वेळ येते ती संकट आल्यावरच.

पाच वाजता

(भारतात रात्रीचे साडेनऊ.) पंच मॉरिस डीगन यांनी चेंडू उडवला. डब्लिननं लगेच दाब वाढवला, आणि ज्या किकआऊटसाठी हेनेलीला आणलं होतं त्यातल्याच सुरुवातीच्या काही डब्लिनच्या हाती लागल्या. डब्लिन पुढे गेला. बदलामागचं कारणच पहिल्या काही मिनिटांत निकामी ठरलं.

तरी मायो मोडला नाही. ली कीगन बचावफळीतून पुढे धावला आणि त्यानं गोल केला. ज्याच्यावर डब्लिनच्या डिअरमिड कॉनोलीला रोखायची जबाबदारी, त्यानंच डब्लिनचं जाळं हलवावं! मायोच्या बाजूचं स्टँड त्या क्षणी उभं राहिलं असेल यात शंका नाही.

मध्यंतराच्या तोंडावर, सुमारे पाच पस्तीस

त्या वेळी ब्लॅक कार्डचा नियम असा होता : जाणूनबुजून खेळाडूला पाडलं की तुम्ही बाहेर, परत यायचं नाही, तुमच्या जागी दुसरा येईल. पूर्वार्धात डब्लिनचे जेम्स मॅकार्थी आणि जॉनी कूपर या कार्डावर गेले होते. आता पाळी कीगनची. कॉनोलीला खेचल्याबद्दल कार्ड निघालं आणि मायोचा सर्वोत्तम खेळाडू, जो पुढे त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला, अर्धा सामना शिल्लक असताना बाहेर बसला. डब्लिनच्या माजी खेळाडूंनी आधीच्या आठवड्यात कीगनच्या खेळाविषयी जाहीर कुरकुर केली होती. त्याचा परिणाम झाला, असं मायोत अनेकांना आजही वाटतं. मला तसं वाटत नाही. डब्लिनचेही दोघे त्याच नियमानं गेले होते. पंचावर खापर फोडणं सोपं आहे, पण घाव दुसरीकडे बसला.

सुमारे सहा वाजता : एकेचाळिसावं मिनिट

एक उंच चेंडू मायोच्या गोलसमोर खाली आला. हेनेली पुढे झाला, दोन्ही हात वर. चेंडू हातात आला आणि निसटला. समोर डब्लिनचा पॅडी अँड्र्यूज. जाळं मोकळं दिसत होतं आणि चेंडू त्याच्या आवाक्यात होता. हेनेलीनं त्याला धरून पाडलं. त्या घटकेला दुसऱ्या कोणी काय केलं असतं? डीगन यांनी पेनल्टी दिली आणि ब्लॅक कार्ड दाखवलं.

हेनेली मैदानाबाहेर चालू लागला आणि डेव्हिड क्लार्क आत आला. अंगात ऊब नाही, सामन्याचा श्वास लागलेला नाही, आणि पहिलं काम काय तर कॉनोलीची पेनल्टी अडवणं. कॉनोलीनं चेंडू खालून कोपऱ्यात घातला.

उंच चेंडू ही क्लार्कची जमेची बाजू होती. तिथेच क्लार्क नव्हता. लांब लाथेसाठी सुरक्षित हात बाजूला ठेवले होते, आणि लाथ कामी आली नाही, हात मात्र हवे होते. मायोच्या पाठीराख्यांच्या रागाचं मूळ इथे आहे आणि त्या रागात मला काहीही चुकीचं दिसत नाही.

शेवटची तीस मिनिटं

मायो पुन्हा मागे लागला. ओ'कॉनर फ्री किकवर गुण घेत राहिला. गॅव्हिननं बाकावरून कॉर्मॅक कॉस्टेलोला आणलं आणि त्या तरुणानं तीन गुण मारले. एका बाजूचे राखीव खेळाडू सामना जिंकत होते, दुसऱ्या बाजूचा राखीव खेळाडू होता मुळातला पहिला गोलरक्षक.

सुमारे साडेसहा : भरपाईची वेळ

एका गुणाचा फरक. मायोला फ्री किक मिळाली, लांबून, पण ओ'कॉनरच्या टप्प्यातली. हाच माणूस तेरा दिवसांपूर्वी याच मैदानावर बरोबरी साधून गेला होता. त्यानं धाव घेतली, लाथ मारली, आणि चेंडू खांबाच्या बाहेरून गेला.

डब्लिननं 1977 नंतर प्रथमच सलग दुसरं विजेतेपद राखलं. 1951 नंतरचा मायोचा हा आठवा हरलेला अंतिम सामना.

रात्री आणि नंतर

रॉचफर्डनं गोलरक्षक बदलण्याचं कारण सांगितलं : किकआऊट. निर्णय त्यानं नाकारला नाही, कोणा खेळाडूवर ढकलला नाही, हे त्याच्या बाजूनं नोंदवायला हवं. हेनेलीनं मायोच्या लोकांची जाहीर माफी मागितली. ती वाचून वाईट वाटतं. पगार न घेता खेळणाऱ्या, स्वतः न घेतलेल्या निर्णयाच्या ओझ्याखाली उभ्या केलेल्या खेळाडूनं परगण्याची क्षमा का मागावी? राग काढायचाच तर तो गोलरक्षक निवडणाऱ्या खोलीवर काढावा, निवडल्या गेलेल्यावर नव्हे.

डिसेंबरात होम्स आणि कॉनली यांनी वृत्तपत्राला मुलाखत देऊन खेळाडूंच्या वागण्यावर टीका केली आणि वर्षभरापूर्वीची फूट पुन्हा उघडी पडली. खेळाडू हट्टी की व्यवस्थापन चुकीचं, हा वाद तेव्हापासून प्रत्येक पराभवानंतर नव्यानं पेटतो. माझं मत स्पष्ट आहे. दोन स्वयंगोल पचवून बरोबरी साधणाऱ्या, आणि कीगन गेल्यावरही एका गुणापर्यंत येणाऱ्या खेळाडूंमध्ये धैर्य कमी नव्हतं. कमी पडला तो चालू असलेल्या गोष्टीवरचा विश्वास.

2017 चा अंतिम सामना मायोनं पुन्हा डब्लिनकडूनच, पुन्हा एकाच गुणानं गमावला, तेव्हा गोलमध्ये क्लार्क होता. रॉचफर्डनं 2018 च्या ऑगस्टमध्ये पद सोडलं. हेनेली खेळत राहिला. 2021 च्या उपांत्य सामन्यात भरपाईच्या वेळेत त्यानं 45 मीटरवरून गुण घेऊन मायोला जादा वेळेत नेलं. तिथे मायोनं डब्लिनची सलग सहा वर्षांची सत्ता संपवली. अंतिम सामना मात्र मायोनं त्याही वर्षी गमावला, टिरोनकडून.

आणि 2016 च्या अखेरीस वर्षाचा ऑल-स्टार संघ जाहीर झाला, त्यात गोलरक्षक म्हणून निवड झाली ती डेव्हिड क्लार्कची.