नशा आणि बंदूक

२०२२ सालच्या एप्रिल महिन्यांत अमेरिकेच्या मिसिसिपी संस्थानांत पोलिसांनीं एक मोटार थांबविली. तिच्यावर नंबराची पाटी नव्हती, एवढेंच निमित्त. झडतींत रक्षापात्रांत गांजाचीं जळकीं थोटकें सांपडलीं. शिवाय एक पिस्तूल व एक रायफल हातीं लागली. महिन्यांतून चौदा-एक दिवस आपण गांजा ओढतों, असें चालकानें कबूल केलें. परंतु त्या घटकेस तो नशेंत होता कीं नाहीं, हें कोणीं तपासून पाहिलें नाहीं. तरीहि ज्यूरीनें त्यास दोषी ठरविलें आणि जवळजवळ चार वर्षांची कैद त्याच्या वांट्यास आली.

हा गुन्हा १९६८ च्या कायद्यांतून निघालेला. त्या वर्षीं मार्टिन लूथर किंग व रॉबर्ट केनेडी यांचे गोळ्या घालून खून झाले, देश हादरला, आणि बेकायदा मादक द्रव्यें सेवन करणाऱ्यास बंदूक मिळूं नये असें कायदेमंडळानें ठरविलें.

आपणांस यांत वावगें कांहींच वाटणार नाहीं. आपल्याकडे १८७८ च्या व पुढें १९५९ च्या कायद्यानें बंदूक ही परवान्याची वस्तु झाली. सरकार देईल तर मिळेल. संयुक्त संस्थानांत प्रश्न उलट बाजूनें सुरू होतो. तेथील घटनेंत १७९१ सालीं झालेल्या दुसऱ्या दुरुस्तीनें हत्यार बाळगण्याचा जनतेचा हक्क मान्य केला. २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो व्यक्तीचा हक्क ठरविला. आणि २०२२ सालीं अशी कसोटी घालून दिली कीं, त्या हक्कावरील निर्बंधास राष्ट्राच्या ऐतिहासिक परंपरेंत आधार सांपडला पाहिजे. तेव्हांपासून वकिलांना जुनीं दप्तरें चाळण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं.

त्या दप्तरांत गांजाचा उल्लेख नाहीं. दाखले सांपडतात ते दारूचे. १६५५ सालीं व्हर्जिनिया वसाहतीनें मद्यपानाच्या बैठकींत बंदुका उडविण्यास मनाई केली. लग्न व प्रेतयात्रा यांस मात्र सूट ठेविली! कारण बंदुकीचा बार ही शत्रु चालून आल्याची इशारत होती. ती चैनीखातर वायां जाऊं नये. १७७१ सालीं न्यूयॉर्कनें नववर्षाच्या सणांत झिंगलेल्या लोकांच्या गोळीबारास आळा घातला. १८६७ सालीं कॅन्सस संस्थानानें दारूच्या अंमलाखालीं पिस्तूल बाळगून फिरणें गुन्हा ठरविला. हे सारे कायदे नशेच्या घटकेपुरते होते. शुद्धीवर आल्यावर भिंतीवरची बंदूक ज्याची त्याचीच राही.

सरकारपक्षाचें उत्तरहि पोकळ नाहीं. एकोणिसाव्या शतकांत अट्टल मद्यप्यास श्रमगृहांत वा इस्पितळांत कोंडीत, त्याच्या मालमत्तेवर पालक नेमीत. ज्याचें स्वातंत्र्यच काढून घेतां येई, त्याचें हत्यार काढून घेतां आलें नसतें काय? शिवाय २०२४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, जुन्या कायद्याची हुबेहूब प्रतिकृति हवी असें नाहीं. न्यायालयानें धोकादायक ठरविलेल्या मनुष्यास तात्पुरतें निःशस्त्र करतां येतें.

परंतु खरी मेख येथेंच आहे. अट्टल मद्यप्याची चौकशी होई; त्याचा विवेक सुटला आहे, हें आधीं ठरविलें जाई. १९६८ च्या कायद्यांत सेवन सिद्ध झालें कीं धोका गृहीत धरला गेला. त्यांतच २०१२ पासून कोलोरॅडोसारख्या संस्थानांनीं प्रौढांस गांजा मोकळा केला. म्हणजे संस्थानाच्या कायद्यानें जें निर्दोष, तेंच मध्यवर्ती कायद्यानें बंदूकवाल्यास गुन्हेगार करूं लागलें.

मिसिसिपीच्या त्या मनुष्याची शिक्षा २०२३ सालीं न्यू ऑर्लिन्सच्या अपील न्यायालयानें रद्द केली. सर्वोच्च न्यायालयानें प्रकरण फेरविचारास परत धाडलें. २०२५ च्या आरंभीं ती शिक्षा पुन्हां रद्द झाली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत टेक्सासमधील अशाच एका खटल्याची सुनावणी करण्याचें सर्वोच्च न्यायालयानें मान्य केलें.

झिंगलेल्या हातीं बंदूक नसावी, याविषयीं दोन्ही पक्षांचें एकमत आहे. वाद आहे तो शुद्धीवरच्या मनुष्याचा. काल प्यालेल्या पेल्यासाठीं आज त्याचा हक्क काढून घ्यावयाचा असेल, तर तो आजहि धोकादायक आहे हें कोणीतरी दाखविलें पाहिजे. जुन्या दप्तरांतून मला तरी एवढाच बोध मिळतो. आणि तो बंदुकीपुरताच नाहीं.