भिंतीच्या पोटातले घर
बीड जिल्ह्यातील जुन्या माळवदाच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरांत सामानाची सोय भिंत रचतानाच होई. दगडमातीच्या भिंती दोन-तीन फूट जाड असत. दिव्यासाठी देवळी, रोजच्या वस्तूंसाठी कोनाडा आणि मौल्यवान जिनसांसाठी लाकडी दाराचे फडताळ त्या जाडीतच बसे. ज्वारीसाठी बळद असे: वरच्या तोंडातून धान्य ओतायचे, तळाच्या भोकातून काढायचे. जास्तीचे धान्य जमिनीतल्या पेवात जाई. डाळी-कडधान्ये उतरंडीच्या, म्हणजे एकावर एक रचलेल्या, मडक्यांत राहत. दूध-लोणी मुलांचे हात आणि मांजर पोचू नये म्हणून शिंक्यावर टांगत. पुढे विटा-सिमेंटच्या नऊ इंची भिंती आल्या. त्यांत कोनाड्याला खोली उरली नाही. त्याची जागा लोखंडी कपाटाने, बळदाची पत्र्याच्या कोठीने घेतली.