हंडा, तिजोरी आणि बंदूक

कापसाचा हंगाम आला कीं आर्वीच्या बाजारांत रुपयांची वर्दळ वाढे आणि तिच्याबरोबर एक जुनी चिंता जागी होई: मिळालेलें धन रात्रीं ठेवावें कोठें? भोसल्यांच्या राज्यांत, पेंढाऱ्यांच्या धास्तीच्या काळीं, या प्रश्नाला भुई हेंच उत्तर होतें. हंडा जमिनींत पुरावा, वर सारवण करावें. फार तर भिंतींत बळद किंवा माजघरांत मांदूस. या युक्तीनें चोराला चकवितां येई खरें. पण ती घरच्यांनाही चकवी. धन्यानें जागा कोणास सांगितली नाहीं आणि तो अकस्मात् गेला, कीं विधवेच्या वाट्याला जमीन उकरणें तेवढें उरे.

१८५४ त नागपूरचें राज्य खालसा झालें. १८६२ त वर्धा जिल्हा निराळा निघाला. अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धानें कापसाचा भाव चढविला, १८६७ त आगगाडी नागपुरास पोंचली, आणि पुढें पुलगांवाहून आर्वीलाही अरुंद रुळांचा फांटा आला. या घडामोडींत धनाचें रूपच पालटलें. १८६१ च्या कायद्यानें सरकारी नोटा आल्या. त्यांच्या जोडीस गहाणखतें, खरेदीखतें, विम्याचे कागद. रुपें भुईंत शंभर वर्षें टिकतें. कागदाला ओल, वाळवी आणि आग हे तीन वैरी. पुरलेला हंडा येथें निरुपयोगी ठरला.

विलायती तिजोऱ्या बड्या पेढीवाल्यांनाच परवडत. अर्देशर गोदरेज यांनीं वकिली सोडून १८९७ त मुंबईस लालबाग येथें कुलपें करण्यास आरंभ केला आणि १९०२ त तिजोरी बनविली. देशी तिजोरीचा मार्ग मोकळा झाला. घेणाऱ्यानें मात्र रंग आणि पितळी मूठ पाहून भुलूं नये. नुसत्या जाड पत्र्याची पेटी आगींत भट्टीसारखी तापते व आंतील कागद ज्वाळा न लागतांच करपतात. खऱ्या अग्निरोधक तिजोरीच्या दुहेरी भिंतींमध्यें असें भरण असतें, कीं तापल्यावर त्यांतून वाफ सुटून आंतील उष्णता बराच वेळ आवरली जाते. ऐपत बेताची असेल तर लहान तिजोरी घ्यावी, परंतु ती भिंतींत चिणून किंवा फरशीला बोल्टांनीं जखडून. नाहींतर चोर ती फोडण्याचे श्रम न घेतां उचलूनच नेतो. आणि किल्ली देव्हाऱ्यांत ठेवण्याची रीत चोरांनाही ठाऊक असते!

बंदुकीचा प्रकार वेगळा. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें परवाना सक्तीचा केला. १९५९ च्या कायद्यांतही पीकरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीची स्वतंत्र सोय राहिली. रानडुकरें उभें पीक उकरूं लागलीं म्हणजे शेतकऱ्याला ती हवीशी वाटे. पण शेतांतून परतल्यावर बंदूक खुंटीवर, दारूची पिशवी शेजारीं आणि खालीं खेळणारीं मुलें, असा देखावा दुर्मिळ नव्हता. लांबीमुळें ती साध्या तिजोरींत मावत नाहीं. तिला उंच, अरुंद पोलादी कपाट हवें, आणि दारूगोळा निराळ्या कुलपांत, चुलीपासून दूर. दागिन्यांची तिजोरी सणावारीं, लग्नकार्यांत चारचौघांच्या हातीं जाते. बंदूक तींत असली तर तीही त्यांच्या हातीं लागते. म्हणून बंदुकीच्या कपाटाची किल्ली परवानेदाराच्याच कमरेला असावी. तिजोरीची दुसरी किल्ली मात्र कोठें आहे, हें गृहिणीला ठाऊक असलेंच पाहिजे.