नेवाळीची धावपट्टी आणि रिओ हातोची

अंबरनाथ पश्चिमेहून नेवाळी नाक्याकडे निघाले की मलंगगडाची रांग समोर येते आणि तिच्या पायथ्याशी एक विस्तीर्ण माळ पसरलेला दिसतो. या माळावर एके काळी विमाने उतरत असत, हे आपल्या घरांतील तरुण पिढीला सांगितले तर ती हसते. तिच्या लेखी विमानतळ म्हणजे सहारचा, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबईचा.

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून. जपानी सैन्य हिंदुस्थानच्या वेशीवर येऊन ठेपले. मुंबई बंदर जवळ आणि रेल्वेचे मोठे जंक्शन हाताशी, म्हणून कल्याणच्या आसमंतात लष्करी छावणी उभी राहिली. त्याच सुमारास नेवाळी, भाल, द्वारली आणि आसपासच्या गावांची सोळाशेहून अधिक एकर जमीन सरकारने धावपट्टीसाठी ताब्यात घेतली. युद्धकाळचा कायदा, त्यापुढे भातशेती करणाऱ्या आगरी कुटुंबाचे काय चालणार? युद्ध संपताच जमीन परत मिळेल असे सांगण्यात आले होते, असे ही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत.

युद्ध १९४५ मध्ये संपले. छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिले आणि बराकींचे शहर झाले. आपण आजही ‘कॅम्प नंबर चार’, ‘कॅम्प नंबर पाच’ म्हणतो, ती त्या छावणीचीच खूण. धावपट्टीचे मात्र काहीच झाले नाही. ती गावाची राहिली नाही आणि विमानांचीही उरली नाही.

हे सारे पुन्हा मनात आले ते पनामामुळे. मध्य अमेरिकेतील या चिमुकल्या देशात जानेवारी २०१९ मध्ये जागतिक युवा दिन साजरा झाला, पोप फ्रान्सिस तेथे गेले, आणि आपल्या धर्मग्रामांतही पनामाचे नाव घरोघरी पोहोचले. कोणास कधी तेथे जाण्याचा योग आला तर दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. मुंबईहून तेथे थेट विमान नाही, आणि अमेरिकेमार्गे गेल्यास नुसते विमान बदलण्यासाठीही त्या देशाचा व्हिसा लागतो. पीतज्वराची लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी टोचून तिचा दाखला जपून ठेवावा. तो नसेल तर परतताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत अडकून पडण्याची वेळ येते. पैशांचे सोपे आहे. बाल्बोआ हे चलन नाण्यांपुरतेच. नोटा अमेरिकी डॉलरच्याच चालतात.

बहुतेक प्रवासी राजधानीच्या तोकुमेन विमानतळावर उतरतात. पण तेथून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, प्रशांत महासागराच्या काठी, रिओ हातो येथे दुसरी एक धावपट्टी आहे. तिची कहाणी नेवाळीच्या ओळखीची वाटते.

पनामा कालव्याच्या रक्षणासाठी अमेरिकेने १९४२ च्या कराराने त्या देशातील शंभराहून अधिक जागा भाडेपट्ट्याने घेतल्या. रिओ हातोचा तळ त्यांत सर्वांत मोलाचा. युद्धानंतर एका वर्षाने जागा परत करावयाच्या, असे करारात लिहिलेले होते. पण युद्ध संपल्यावर अमेरिकेने नवा करार पुढे केला: रिओ हातो आणखी दहा वर्षे, आणि त्यापुढे वाटल्यास पुन्हा दहा. डिसेंबर १९४७ मध्ये पनामाचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले, पोलिसांशी चकमकी झाल्या, आणि तेथील राष्ट्रीय सभेने तो करार एकमताने फेटाळला. १९४८ च्या आरंभी अमेरिकी सैन्य या जागा सोडून गेले.

एवढ्यावर सारे सुरळीत झाले असे मात्र नव्हे. १९५५ च्या तहाने रिओ हातो पंधरा वर्षांसाठी पुन्हा अमेरिकेकडे सरावाला गेले, आणि डिसेंबर १९८९ च्या स्वारीत तेथे बाँबही पडले. अखेर २०१३ मध्ये त्याच जागी नागरी विमानतळ सुरू झाला. आज तेथे समुद्रकिनाऱ्यावर सुटी घालविण्यास आलेले पर्यटक उतरतात.

माझ्या मते दोन्हींत खरा फरक कागदाचा आहे. पनामाकडे मुदत लिहिलेला करार होता आणि तो हाती धरून बोलणारी सभा होती. नेवाळीच्या शेतकऱ्याकडे होती ती वाडवडिलांनी सांगितलेली गोष्ट. ज्या १९४७ साली पनामाने परकी सैन्याला नकार दिला त्याच साली आपल्या देशातून परकी सत्ता गेली. पण तिने घेतलेली जमीन नव्या सरकारकडे वारसाहक्काने आली, मूळ मालकाकडे नाही. धावपट्टी वापरात नसल्याने लोक भोवतालच्या जमिनीत भात लावीत राहिले. २०१० च्या सुमारास नवी मुंबईच्या विमानतळाचे काम तिवरांच्या प्रश्नावर अडले, तेव्हा पर्याय म्हणून कल्याणच्या या जागेचे नाव निघाले आणि मागे पडले.

मग नौदलाने येथे कुंपणाची भिंत घालण्यास घेतली. जमीन संरक्षण खात्याची, हा सरकारचा दावा. आमची, हा शेतकऱ्यांचा. २२ जून २०१७ रोजी नेवाळी नाक्यावर आंदोलन पेटले. गाड्या जाळल्या गेल्या, पोलीस जखमी झाले, पोलिसांच्या छऱ्यांनी शेतकरी जखमी झाले. जाळपोळीचे समर्थन कोणीच करणार नाही. परंतु तारीख पाहावी. जूनचा तिसरा आठवडा उलटला होता, मृगाचा पाऊस झाला होता, आणि भिंतीपलीकडे भाताच्या पेरणीचे दिवस निघून चालले होते.